ओरॅकल निवडण्याआधी



या परिषदेत दोन दिवस चर्चासत्रांत आणि चहाच्या वेळी एकच प्रश्न कानावर येतो आहे: आपल्या ॲपसाठी ओरॅकल कोणतं घ्यावं? चेनलिंक, पिथ की उमा? या प्रश्नाला नुसतं नाव सांगून उत्तर देण्याची घाई आपल्याला महागात पडेल, असं मला वाटतं.

ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला बाहेरचं काहीच दिसत नाही. इथरचा भाव असो वा पाऊस, कुणाला तरी तो आत आणून द्यावा लागतो; ते काम ओरॅकलचं. ओरॅकलने दिलेला आकडा कॉन्ट्रॅक्ट खरा मानतं आणि कर्जाच्या ॲपमध्ये त्यावरून माणसांचं तारण विकून टाकतं.

डाय हे डॉलरशी बांधलेलं नाणं. २६ नोव्हेंबर २०२० रोजी कॉइनबेस प्रोवर त्याचा भाव काही काळ १.३० डॉलरपर्यंत चढला. कंपाउंड हे कर्जाचं ॲप मुख्यतः तिथलाच भाव वाचत होतं. डायमध्ये कर्ज काढलेल्यांचं तारण अचानक अपुरं ठरलं आणि सुमारे ९ कोटी डॉलरचं लिक्विडेशन, म्हणजे तारणाची सक्तीची विक्री, झाली. त्या बाजारात भाव खरोखर तेवढा होता. घात झाला तो एकाच बाजारावर विसंबल्याने.

मे २०२२मधल्या व्हीनस या कर्जाच्या ॲपच्या प्रकरणाची मला याहून जास्त धास्ती वाटते, कारण तिथे नावाजलेलं ओरॅकल निवडून झालं होतं. लुना नावाच्या नाण्याची किंमत कोसळत होती. लुनाचा भाव पुरवणाऱ्या चेनलिंकच्या फीडला सुमारे १० सेंटची किमान मर्यादा घातलेली होती. भाव तिच्याखाली गेला आणि फीड तिथेच अडकलं. बाजारात लुना मातीमोल होत असताना व्हीनस ती जुन्याच भावाने तारण धरत राहिलं. लोकांनी स्वस्तातली लुना आणून ठेवली आणि तिच्यावर चांगली नाणी उचलून नेली. भुर्दंड १ कोटी डॉलरहून अधिक. ती मर्यादा मात्र कॉन्ट्रॅक्टमध्ये कुणालाही वाचता येत होती.

म्हणून आधी हे ठरवा, की भाव उशिरा आला, अडकला किंवा आलाच नाही, तर तुमचं कॉन्ट्रॅक्ट काय करील. इथरियमवरचं चेनलिंकचं इथर-डॉलर फीड भाव अर्धा टक्का हलला की, नाहीतर तासाभराने, नवा आकडा लिहितं. कर्जाच्या ॲपला हे सहसा पुरतं. फ्यूचर्सच्या सौद्यांना पुरत नाही. तिथे व्यवहारासोबतच ताजा भाव आणणारं, आणि तो किती खात्रीचा हेही सांगणारं पिथ सोयीचं. डाय काढणाऱ्या मेकरने तर भाव मुद्दाम एक तास उशिरा लागू केला, म्हणजे चुकीचा भाव शिरायच्या आत रोखता येतो. आणि भाव वाचून त्याची वेळ न तपासणारा कोड आजही दिसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आपल्या घरचा प्रश्न. पाऊस ठरावीक मर्यादेखाली गेला की भरपाई आपोआप खात्यात जमा होईल, असं पीकविम्याचं ॲप इथल्या अनेक तरुणांच्या मनात आहे. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण महाराष्ट्रात हवामानाधारित फळपीक विमा महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतो, आणि मंडळातल्या एका गावात कोसळलेला पाऊस शेजारच्या गावात असेलच असं नाही. तुमच्या ओरॅकलच्या वीस नोड्सनी तेच एक केंद्र वाचलं, तर साक्षीदार एकच राहतो. वर ब्लॉकचेनवर एकदा झालेला हिशेब मागे घेता येत नाही.

अशा कामाला उमाची रीत मला जास्त पटते: कुणीतरी अनामत ठेवून दावा मांडायचा, मुदतीत हरकत आली तर टोकनधारकांनी मतदानाने निकाल द्यायचा. पण हरकतीलाही अनामत लागते. ती टोकनच्या रूपात द्राक्षबागायतदाराने कुठून आणायची? माझ्या मते ती विमा विकणाऱ्याने आधीच राखीव ठेवावी, आणि हरकत मोबाइलवरून मराठीत नोंदवता यावी. हा आराखडा कुणी लिहायला घेणार असेल, तर आज संध्याकाळी मी त्यांच्यासोबत बसायला तयार आहे.