एका संख्येचे दोन अवयव



भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आजच्या विवेचनाचा विषय असलेली संख्या त्याहूनही मोठी, एकवीस अंकी आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट वेळा २ घेऊन केलेल्या गुणाकारातून १ वजा केला की ती मिळते.

१६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मोपासकाने अशा प्रकारच्या कोणत्या संख्या मूळ आहेत, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज कशानेही भागल्या जात नाहीत, याची यादी प्रसिद्ध केली. तीत ही संख्या होती. सिद्धता मात्र नव्हती. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे दाखविले. त्यांची कसोटी अवयव शोधीत नाही. ठरावीक क्रमाने वर्ग करीत अखेर बाकी काय उरते, एवढेच पाहते. त्यामुळे संख्या फुटते हे कळले, कशी फुटते हे कळले नाही.

हा प्रश्न अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी सोडविला. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. या नियमाने शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपते. तरीही लहान अवयव त्या मालिकेत १४,४५,५८० वा आहे! कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने आणखी चाळण्या लावल्या. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी आपले फलित मांडले. एरिक टेंपल बेल यांनी सांगितलेल्या आख्यायिकेनुसार, ते एक शब्दही न बोलता फळ्याजवळ गेले. एका बाजूस त्यांनी सदुसष्टावा घात काढून १ वजा केला, तर दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे जुळली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधण्यास किती काळ लागला, असे पुढे विचारता ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर मिळाल्याचेही बेल लिहितात.

शोधायला वर्षे, पडताळायला एक बैठक : अवयवांचे मर्म हेच. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी आपली गुप्तलेखनपद्धती याच विषमतेवर उभारली.

मेर्सेनच्या यादीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले होते. ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. तरीही या संख्यांना आजही त्याचेच नाव आहे, आणि ते योग्यच आहे. विद्वानाचा शब्द आदराने ऐकावा. पण गुणाकार स्वतः करून पाहावा. वरील दोन अवयव आणि एक कागद एवढी सामग्री त्यासाठी कोणत्याही वाचकाला पुरेशी आहे.