अंधांचा बुद्धिबळपट



अपंगांची सेवा जैन समाजाला नवी नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, देवेंद्रराज मेहता यांनी जयपूर येथे विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ देशोदेशी पोहोचला. कुबड्या, चाकांची खुर्ची, अन्न, वस्त्र यांसाठी दानशूरांचा हात सदैव मोकळा असतो. खेळाचे साहित्य मात्र क्वचितच कोणाला सुचते. शाळा सुटल्यावर मुलाला काय हवे असते, हे प्रत्येक माता जाणते. अंध मूल त्याला अपवाद नाही.

अंधांचा बुद्धिबळपट पाहण्यासारखा असतो. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घरात छिद्र आणि मोहऱ्याच्या तळाशी त्यात बसणारी खुंटी. काळ्या मोहऱ्यांना हाताला कळेल अशी खूण. चाचपताना डाव विस्कटत नाही. डोळे मिटून कापडाचा पोत सांगणाऱ्या आपल्या पेठेला बोटांचे हे ज्ञान निराळे समजावून सांगायला नको! वस्तूबरोबर नियमही बदलला. एरवी हात लावलेले मोहरे खेळावेच लागते. अंध खेळाडूने ते छिद्रातून वर काढले तरच हात लागला असे मानतात. चाल मोठ्याने सांगायची. एवढ्या सोयीनंतर समोर डोळस खेळाडू असला तरी सामना बरोबरीचा. हार ती हारच. दयेला तेथे जागा उरत नाही.

मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः दृष्टिहीन. त्यांनी अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ उभा केला. क्रिकेटमध्येही छर्रे भरलेल्या, आवाज करणाऱ्या चेंडूवर १९९८ साली दिल्लीत अंधांचा पहिला विश्वचषक झाला.

असे साहित्य देताना एक पथ्य पाळावे. गुळगुळीत पॉलिश दात्याच्या डोळ्यांना सुखावते. खेळणाऱ्याच्या बोटांना उंचसखल घर आणि घट्ट खुंटी हवी असते. पटाच्या मधोमध दात्याच्या नावाची पट्टी नको, हेही ओघाने आलेच. सातपूरचे ‘नॅब’चे कार्य नाशिककरांना परिचित आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून खरेदी करण्यापूर्वी तेथील कार्यकर्त्यांच्या मदतीने दोन नमुने दृष्टिहीन मुलांच्या हाती द्यावेत, त्यांनी सुचविलेले बदल करून घ्यावेत आणि मगच मागणी नोंदवावी.