कडुनिंबाची चांदी कोणाच्या पदरात?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०२१ पासून नॅनो युरियाची बाटली दुकानात आली आणि 'नॅनो' हा शब्द आपल्या कानावर पडू लागला. आता पाल्यापासून केलेल्या चांदीच्या नॅनो कणांनी पिकावरची बुरशी मरते, असे सांगतात. यात खरे किती, ते आपण आपल्या हिशेबाने पाहू.

मुळातले शास्त्र खोटे नाही. एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. १०० नॅनोमीटरच्या आतला कण तो नॅनो कण. सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार पाण्यात विरघळवून त्यात कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घातला, की पाणी पिवळट-तपकिरी होते. पाल्यातली द्रव्ये क्षारातली चांदी बारीक कणांच्या रूपात मोकळी करतात आणि कणांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे काम २००४ साली जगापुढे मांडले.

देशी कपाशीवर मर आणणारी फ्युजेरियम बुरशी काचेच्या बशीत अशा कणांनी रोखता येते. पण बशीत पावसाचा खंड नसतो, काळी माती नसते. मातीत ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी असते, नत्र देणारे जीवाणू असतात. चांदी शत्रू-मित्र ओळखत नाही. शिवाय प्रत्येक काढ्यातून सारखेच कण निघतील याचीही हमी नाही.

म्हणून 'वनस्पतीपासून बनवलेले' एवढे वाचून कोणी बाटली घेऊ नये. बुरशीनाशक विकायला सरकारी नोंदणी लागते. लेबलावर नोंदणी क्रमांक आणि आपल्या पिकाचे नाव पाहावे, पक्के बिल घ्यावे. पाल्याचे आहे म्हणून उघड्या अंगाने फवारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही.

ज्वारीच्या दाणे काणीला किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळले की भागते. त्याहून महाग काही विकायचे असेल, तर ते सरस असल्याचे आधी आमच्या कोरडवाहू शेतात दाखवा. नॅनो कृषी उत्पादने कशी तपासावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०२० साली काढली आहेत. आमची मागणी एवढीच, की कृषी विद्यापीठांनी या चाचण्या कोरडवाहू कपाशी-ज्वारीवर, शेतकऱ्यांसमोर घ्याव्यात आणि एकरी खर्च व उतारा दोन्ही जाहीर करावेत.

नव्या शास्त्राला आमचा विरोध नाही. पण पाल्यातून चांदी निघणार असेल, तर ती पिकवणाऱ्याच्या पदरात पडली पाहिजे.