मंद ठिपक्यांचा हिशेब
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)

फळ्यावर सूत्रं लिहिणार नाही, घाबरू नका. आकडे मात्र थोडे सांगणार, कारण सगळी गंमत त्यांतच आहे.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. त्यांची तीव्रता मोजून रेणूतले अणू कुठे आहेत ते काढायचं. पण ठिपक्याखाली हवेने, स्फटिकाभोवतीच्या द्रवाने विखुरलेले किरणही असतात. ही पार्श्वभूमी. आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी काढून ती वजा करायची, तूप मोजताना डब्याचं वजन वजा करतो ना, तसंच.

पिलाटस, आयगर यांसारखे डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतात आणि त्यांची स्वतःची खरखर जवळजवळ नसते. त्यामुळे मंद पार्श्वभूमीत १०० पिक्सेलांपैकी ८२ मध्ये शून्य, १६ मध्ये एक आणि दोघांत दोन फोटॉन, असं चित्र दिसू शकतं. सरासरी ०.२. आता जुन्या वळणाचा प्रोग्रॅम म्हणतो, हे दोनवाले पिक्सेल सरासरीपासून फार लांब आहेत, टाका! टाकले की सरासरी उरते ०.१६. ठिपका ५० पिक्सेलांचा असेल, तर पार्श्वभूमी १० ऐवजी ८ धरली जाते. ठिपक्यात एकूण १३ फोटॉन असतील, तर खरे ३. आपण सांगणार ५!

हजार फोटॉनच्या ठिपक्याला दोनाने काय होतंय? पण रेणूचा बारीक तपशील असतो कडेकडेच्या मंद ठिपक्यांत. शिवाय चूक दर वेळी एकाच दिशेने होते, म्हणून कितीही मोजमापं घेतली तरी ती पुसली जात नाही. अगदी मंद ठिपके कमी दिसले की चांगला स्फटिकही 'जुळा' असल्याचा संशय येतो. मध्यक घ्यावा म्हणाल, तर इथे मध्यक चक्क शून्य!

२०१६ मध्ये जेम्स पार्कहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 'डायल्स' या प्रणालीसाठी यावर उपाय मांडला. विरळ फोटॉन प्वासाँच्या नियमाने येतात, त्यात अधूनमधून दोन येणारच. म्हणून पिक्सेल फेकायचे नाहीत. बर्फाचा डाग किंवा शेजारच्या ठिपक्याची शेपटी असेल, तर त्या पिक्सेलचं वजन तेवढं कमी करायचं.

मग उणे उत्तरांचं काय? पार्श्वभूमी १०, मोजले ९, तर तीव्रता उणे एक. तीही ठेवायची. अशा आकड्यांतूनही संभाव्य खरी तीव्रता कशी काढायची, हे फ्रेंच आणि विल्सन यांनी १९७८ मध्येच दाखवलं आहे.