हृदयशूळ आणि घरची शुश्रूषा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले ते शाळेत. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा प्रसंग घरोघरी येतो, आणि तेथे पदवी कामास येत नाही, माहिती येते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस निवर्तले, ते हृदयशूळाच्या म्हणजे अँजायनाच्या विकाराने. त्यांची शुश्रूषा रमाबाईंनी केली. याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्याची सेवा करणे कुलीन घरांत कमीपणाचे मानीत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

आता हृदयाविषयी. मुठीएवढा हा स्नायू दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो. गंमत अशी की, स्वतः रक्ताने भरलेला असूनही त्याला आपले पोषण बाहेरून, दोन लहान रोहिण्यांतूनच घ्यावे लागते. आणि तेही मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणी. नाडी जलद झाली की हा विसावा आखडतो. रोहिणी आतून अरुंद झालेली असेल, तर श्रमाच्या वेळी मागणी वाढते व पुरवठा अपुरा पडतो, आणि छाती आवळल्यासारखी होते. कळ डाव्या हातात, मानेत, जबड्यातही जाते. पर्वतीच्या पायऱ्या चढताना, भरल्या पोटी चालताना किंवा संतापाच्या भरात ती यावी आणि थांबताच काही मिनिटांत ओसरावी, हे या विकाराचे लक्षण होय.

आपल्याकडे अशा कळेला 'वात धरला' म्हणून ओवा किंवा सोडा देतात. मला हे फार घातक वाटते. त्यातून मधुमेही मनुष्यास व पुष्कळ स्त्रियांस कळ येतेच असे नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळते. घरातील बाई तर सर्वांची जेवणे उरकल्यावाचून बोलतच नाही.

अशा वेळी आजाऱ्यास प्रथम बसवावे. एकही पायरी चढू-उतरू देऊ नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी पूर्वीच दिलेली असेल, तर ती बसूनच घ्यावी. तिने रक्तदाब उतरतो, उभ्या मनुष्यास भोवळ येते. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कळ किती वाजता सुरू झाली, हे कागदावर टिपून ठेवावे. डॉक्टर पहिल्याने तेच विचारतात, कारण रोहिणी पूर्ण बंद झाली असेल तर ती किती लवकर मोकळी होते यावर स्नायू वाचणे अवलंबून असते.

तपासण्यांविषयी घरात गैरसमज फार. हृदयाचा विद्युत् आलेख, ज्यास आपण ईसीजी म्हणतो, रानड्यांच्या आजारात उपलब्ध नव्हता. त्याचे जनक आइंथोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९२४ साली. पण हा आलेख त्या क्षणापुरता असतो. कळ नसताना काढलेला निर्दोष आलेख म्हणजे निर्दोष हृदय नव्हे. म्हणून चालत्या पट्ट्यावर चालवून आलेख घेतात; एका अर्थी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालची पर्वतीच होय! झटक्याचा संशय असल्यास रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. ते वाढण्यास काही तास लागतात, यास्तव पुन्हा रक्त घेतले तर "दोनदा कशाला?" म्हणून परिचारिकेशी वाद घालू नये. प्रतिध्वनीच्या तपासणीत, म्हणजे इकोमध्ये, स्नायूचे व पडद्यांचे कार्य दिसते.

अँजिओग्राफीत मनगटातून अथवा जांघेतून बारीक नळी घालून रोहिण्यांत औषध सोडतात व क्ष-किरणांनी चित्र घेतात. त्यापूर्वी मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, कशाची वावडी असल्यास ती, हे सर्व न विचारताही सांगावे. नळी जांघेतून घातली असेल, तर सांगितले तितका वेळ पाय सरळ ठेवावा लागतो. तेथून रक्त येऊ लागल्यास किंवा पाय गार पडल्यास परिचारिकेस तत्काळ हाक मारावी.