जठरव्रण आणि आपले स्वयंपाकघर

(गिरीज, वसई येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



राजेळी केळी वाळवून सुकेळी करणाऱ्या वसईत केळ्याचे गुण सांगणे हे धाडसच! परंतु आज विषय आहे कच्च्या केळ्याचा. त्याच्या भुकटीने उंदरांच्या जठराचे अस्तर बळकट होऊन व्रणास आळा बसतो, असे काशी हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी १९८६ साली मांडले. अन्न पचतेवेळी उठणारा ‘परिणामशूल’ तर माधवनिदानात शतकांपूर्वीच वर्णिलेला आहे.

तथापि परंपरेचा अभिमान म्हणजे डोळे मिटणे नव्हे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले, ते जठरव्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवल्याबद्दल. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. (गुडघे दुखताच परस्पर गोळी आणणाऱ्या आजी-आजोबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.) केळ्याने हा जिवाणू मरत नाही; त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके पूर्ण घ्यावीच लागतात.

मग स्वयंपाकघराने काय करावे? मऊ भात, मुगाचे वरण, दुधीची वा कच्च्या केळ्याची बेताच्या तिखटाची भाजी, आणि तेही वेळेवर. तंबाखू व मद्य वर्ज्य. दुधाने घटकाभर बरे वाटते, मात्र मागाहून आम्ल वाढते. ज्येष्ठमध शामक खरे, पण रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावे. निर्जळी एकादशीचा हट्टही व्रण असणाऱ्याने धरू नये. आणि शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर काढा उकळत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.