पोट भरतं, आकडा भरत नाही

माणूस शिकार का करतो, असं विचारलं की दोन उत्तरं लगेच येतात. कुणी म्हणतं पोटासाठी, कुणी म्हणतं हौसेसाठी. त्याबरोबर आपण मनातल्या मनात निवाडाही देऊन टाकतो. पोटासाठी मारणाऱ्याला माफी आणि हौसेसाठी मारणाऱ्याला दोष. पण आपल्याच दख्खनच्या माळावर हा निवाडा नेमका उलटा दिला गेला. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या पडछायेत, पुणे, नगर, सोलापूरकडे गवताचे मोठमोठे माळ होते. काळवीट, लांडगा, माळढोक, तितर, लावे, ससे या सगळ्यांचं ते घर. या मुलुखात शिकारीवर जगणाऱ्या भटक्या जमातींचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी केला. त्यांना जे दिसलं ते फार मोलाचं आहे. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तितर-लाव्यांसारखे पक्षी धरत. तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या, साळिंदराच्या, घोरपडीच्या मागे जात. वैदूंचा भर मुंगूस, उदमांजर अशा लहान प्राण्यांवर आणि पाण्यातल्या कासवांवर. मुलूख एकच, पण प्रत्येकाची शिकार वेगळी आणि ती धरण्याची रीतही वेगळी. एकाने दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही, ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

फासेपारध्यांची आणखी एक रीत नोंदली गेली आहे. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं, तर ते सोडून द्यायचं. दिवसभर उन्हात फिरलेला, घरी पोरं वाट बघत असलेला माणूस हातात आलेलं मांस सोडून देतो, याचा जरा विचार करा. यात दया असेल, पण उद्याचा हिशेबही आहे. पुढच्या वर्षी त्याला याच माळावर परत यायचं आहे. आज गाभण हरणी खाल्ली तर पुढच्या वर्षी फासे कुणासाठी लावायचे?

मग या माणसाला शिकारीत आनंद होत नसेल का? जरूर होत असेल. पारध्याच्या पोराने लावलेल्या फाशात पहिला तितर अडकला, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं नसेल असं मी तरी मानत नाही. माग काढणं, वारा ओळखणं, श्वास रोखून बसणं यातला थरार फार जुना आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. म्हणूनच जगातल्या अनेक शिकारी समाजांनी या आनंदाला वेसण घातली. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या जुन्या शिकारी लोकांमध्ये १९६० च्या दशकात रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ राहिले. तिथे कुणी मोठं जनावर मारलं की बाकीचे त्याला नावं ठेवत. ‘हे काय आणलंस, नुसती हाडं!’ अशी त्यांची तऱ्हा. जो बाण लागला, मांसाच्या वाटणीचा मान त्या बाणाच्या धन्याचा, आणि बाण तर पुष्कळदा दुसऱ्याकडून मागून घेतलेला असे. चांगल्या शिकाऱ्याच्या डोक्यात हवा गेली तर तो उद्या माणसांवरही हुकूम गाजवेल, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

आता दुसरी बाजू पाहू. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत शिकारीचा हिशेब लिहून ठेवला आहे. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या देखत २८,५३२ जनावरं-पाखरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. बादशहाला मांसाची ददात नव्हती. इथे शिकारीचं मोजमाप पोटाने होत नाही, आकड्याने होतं. पोट भरतं, आकडा कधीच भरत नाही. कालच्यापेक्षा आज एक जास्त, शेजारच्या संस्थानिकापेक्षा आपला एक वाघ जास्त, असं ते वाढतच जातं.

आपल्या माळावरही हेच घडलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स या पक्ष्यांच्या जाणकाराने नोंद केली आहे की दख्खनमध्ये माळढोक विपुल आहेत, इतके की एका साहेबाने एकट्याने हजार पक्षी टिपले. माळढोक हा माणसाच्या कमरेपर्यंत येणारा, डौलदार चालीचा पक्षी. त्याची मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालते. ते कोल्ह्याने खाल्लं, गुरांच्या पायाखाली गेलं, की तो हंगाम वाया. अशा जातीचे हजार पक्षी एका बंदुकीने मारले, तर ती तूट भरून निघायला किती वर्षं लागतील? आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. त्यांच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं, पण तिथेही आता त्यांचं दर्शन दुर्मीळ झालं आहे. याचा सगळा दोष बंदुकीवर टाकता येणार नाही. माळ नांगराखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या. पण उतरण बंदुकीनेच सुरू केली.

आणि निवाडा काय झाला? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढत वाढत गेला आणि पारधी जन्मतःच गुन्हेगार ठरले. हजेरी, पहारा, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. १९११ साली नव्या कायद्याने ही पकड आणखी घट्ट केली. त्याच वर्षी दिल्ली दरबारासाठी आलेले पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले आणि दहा-अकरा दिवसांत त्यांच्या मेळ्याने ३९ वाघ मारले. त्याचे फोटो निघाले, कौतुक झालं. गाभण हरणी सोडणारा माणूस पोलिसांच्या वहीत गेला आणि आकडे मोजणारा इतिहासाच्या पुस्तकात. मला याची चीड येते, आणि ती तुम्हालाही यावी असं मला मनापासून वाटतं.

तरीही हौशी शिकाऱ्यांची बाजू मांडली नाही तर ते न्यायाचं होणार नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान त्या राखणीमुळे टिकलं. १९५८ साली ते गव्यांसाठी राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. मुंबईत लहानपणी सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथून देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. शिकारीच्या हौसेत कुतूहल असतं, ही गोष्ट खरी. ते कुतूहल जगलं पाहिजे, मारण्याची गरज उरलेली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला बंदी केली. ती योग्यच झाली. पण त्यानंतरही बाजार उरला. कातडी आणि हाडं यांच्या चोरट्या व्यापाराने राजस्थानातल्या सरिस्कामधले सगळे वाघ संपवले, ही गोष्ट २००५ साली उघड झाली. असल्या व्यापारात जंगल जाणणारी गरीब माणसंच पुढे केली जातात, पैसा दूरचा दलाल खातो. आणि शेतकरी? विदर्भात रोही आणि रानडुकरं उभं पीक एका रात्रीत लोळवतात. रात्र-रात्र मचाणावर जागणाऱ्या माणसाला अहिंसेचं प्रवचन देऊन भागत नाही. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे आणि उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त सरकारने स्वतःच्या देखरेखीखाली केला पाहिजे.

माझं शेवटचं म्हणणं पारध्यांविषयी आहे. कायद्याने त्यांची शिकार थांबवली, आणि तसं होणं भागही होतं. पण त्या बदल्यात त्यांच्या हातात आपण काय दिलं? जमीन नाही, दाखला नाही, संशय मात्र अजून आहे. वाशीम-अकोल्याकडे फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तिथले पक्षी राखण्याचं काम झालं आहे. ते जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवं. सरकारी कागदांवर पडीक म्हणून लिहिलेले माळ आधी माळ म्हणून राखले जावेत, आणि त्यांचे राखणदार म्हणून या लोकांना रीतसर पगारावर घ्यावं. आवाजावरून पाखरू ओळखणारी, खुरावरून हरणीचं वय सांगणारी माणसं आपल्याला दुसरीकडून आणावी लागणार नाहीत. मर्यादा काय असते हे ज्यांनी उपाशीपोटी पाळून दाखवलं, त्यांच्यावर विश्वास टाकायची पाळी आता आपली आहे.